खांबाचे गाव तरी सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत गेल्या काही महिन्यांत जुन्या शहरांच्या गाभ्यातल्या ‘हेरिटेज’ हॉटेलांविषयी दोन-तीन लेख येऊन गेले. खोल्यांचे रंग, पितळी समया, अंगणातले जेवण, सगळे वर्णन सुरेख होते. परंतु अशा हॉटेलात उतरणाऱ्या माणसाने नेमके काय पाहावे आणि काय विचारावे, याविषयी त्यात काही आले नव्हते. तंजावरच्या जुन्या शहरातल्या अशाच एका हॉटेलात आम्ही उभयता नुकतेच तीन रात्री राहून आलो. तिथे जे पाहिले ते आपल्या वाचकांपर्यंत, विशेषतः जुने वाडे राखून असलेल्या मंडळींपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हॉटेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका हॉटेलापुरते नाही.

लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलीने ही सहल आम्हांला भेट दिली. एका रात्रीचे भाडे साडेअकरा हजार रुपये आहे हे कळल्यावर माझ्या पतींनी तिला दोनदा फोन करून नको म्हणून सांगितले होते. तिरुचिरापल्लीच्या विमानतळावरून तंजावर मोटारीने तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. हॉटेलच्या दारात पोहोचलो तेव्हा उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाचे मोठे कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, घातलेले होते. आत शिरताच गारवा जाणवला, आणि तो वातानुकूलन यंत्राचा नव्हता. चुन्याच्या गिलाव्याच्या जाड भिंती आणि मधोमध उघडा चौक असला की उन्हाळ्यातही घर असेच थंड राहते. जमिनीवर आत्तंगुडी या गावच्या रंगीत फरश्या होत्या. या फरश्या भट्टीत भाजत नाहीत. काचेवर रंग ओतून, वर सिमेंट-वाळू थापून त्या हाताने घडवतात, मग पाण्यात मुरवतात आणि उन्हात वाळवतात; काचेमुळेच त्यांना ती गुळगुळीत चकाकी येते. कर्मचारी बहुतेक स्थानिक होते, अदबीने वागणारे होते, आणि संध्याकाळी चौकात एक तरुणी तासभर वीणा वाजवीत बसे. यातल्या कशाविषयीही माझी तक्रार नाही, उलट हे सर्व मी मनापासून उपभोगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकाच्या कडेला, कॉफीचा डबरा-टंबलर हातात घेऊन, मी एका खांबाशी बसले होते. अखंड सागवानाचा, दोन हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा तो खांब होता. सबंध खांबावर नवे पॉलिश चढवलेले होते. तरीही जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, एका बाजूला, तळहाताहून थोडा मोठा असा काळसर डाग पॉलिशखालून स्पष्ट दिसत होता. मी तो पाहिला आणि ओळखला. ज्या घरात माणसे खांबाला टेकून बसतात, रोज एकाच जागी, वर्षानुवर्षे, त्या घरातल्या खांबावर डोक्याच्या तेलाचा असा डाग पडतो. लाकूड ते तेल आत ओढून घेते. रंधा मारल्याशिवाय तो जात नाही, आणि कित्येकदा रंध्यानेही जात नाही.

मी वाईच्या गणपती आळीतल्या एका वाड्यात वाढले. आमच्या ओसरीला अठरा खांब होते, सुरूच्या झाडासारख्या घाटाचे, दगडी तळखड्यांवर उभे. तिसऱ्या खांबाला टेकून माझे आजोबा दुपारी पोथी वाचीत बसत, आणि त्या खांबावर असाच डाग होता. आजी दर दिवाळीला शिकेकाईच्या पाण्याने तो पुसून पाही आणि दर दिवाळीला हात टेकी. १९९६ साली वाटण्या झाल्या, वाडा उतरवला गेला, आणि खांब, तुळया, दिंडी दरवाजा असे सगळे एका जुना माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेले. कुठे नेले, ते आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते, हे कळायला मला पुढची बरीच वर्षे लागली.

म्हणून तंजावरच्या त्या खांबाजवळ लावलेली छोटी पितळी पट्टी मी चष्मा लावून वाचली. तिच्यावर इंग्रजीत ‘पुरातन खांब, एकोणिसावे शतक’ इतकेच कोरलेले होते. स्वागतकक्षात विचारले, व्यवस्थापकांना विचारले. त्यांना काही सांगता आले नाही. इमारत स्वतः किती जुनी आहे, हा प्रश्नही त्यांनी हसून टाळला. शेवटी पाठीमागच्या अंगणात दाराची बिजागरी बसवीत असलेल्या एका वयस्क सुताराने, निम्म्या हिंदीत आणि निम्म्या खुणांनी, सांगितले की इमारतीचा दर्शनी भाग तेवढा जुना आहे, मागचे दोन मजले नवे बांधलेले आहेत, आणि खांब व दरवाजे कारैकुडीहून आणलेले आहेत.

कारैकुडी म्हणजे चेट्टियार या व्यापारी समाजाच्या चेट्टिनाड प्रदेशातले मुख्य गाव. ब्रह्मदेश, मलाया, सिलोन येथे सावकारीत आणि व्यापारात कमावलेल्या पैशातून नाट्टुकोट्टै चेट्टियार मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिथे राजवाड्यांसारखी घरे बांधली. ब्रह्मी सागवान, इटलीचा संगमरवर, अंड्याचा बलक वेगळा काढून उरलेले पांढरे मिसळून घोटलेला चुन्याचा गिलावा, असा त्यांचा थाट. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर ब्रह्मदेशातला व्यवहार बुडाला, कुटुंबे पांगली, एकेका घराला वारसदारांची रांग लागली, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे ठरेना, तेव्हा पुष्कळ घरे उतरवून त्यांचे सुटे भाग विकले गेले. कारैकुडीत या मालाच्या दुकानांची एक सबंध गल्लीच आहे. खांब, चौकटी, झोपाळे, पितळी डबे, अगदी पूर्वजांच्या तसबिरीसुद्धा तिथे मिळतात. वाईच्या वाड्याचे आणि चेट्टिनाडच्या त्या घराचे दुखणे एकच होते, हे मला त्या सुताराशी बोलताना उमगले आणि परक्या गावात असूनही अगदी परके वाटेनासे झाले.

उतरवलेल्या घराचा खांब सरपणात जाण्याऐवजी हॉटेलच्या चौकात उभा राहिला, हे चांगलेच झाले, असे माझे मत आहे. माझा आग्रह एवढाच आहे की त्या खांबावर त्याचे गाव लिहावे. कारैकुडीचा खांब तंजावरचा म्हणून दाखवला की पाहुण्याची फसवणूक होतेच, शिवाय दोन्ही गावांवर अन्याय होतो. ज्या घरातून तो आला त्या घराची शेवटची खूण पुसली जाते, आणि तंजावरची घरे खरोखर कशी होती हे कोणाला कळत नाही.

‘हेरिटेज’ हा शब्दही आपण फार सैल वापरतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची वारसा हॉटेलांची स्वतंत्र वर्गवारी आहे. मूळ वास्तू १९५० पूर्वीची असणे, ही तिची पहिली अट आहे. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ मध्ये हॉटेल झाला, उदयपूरचे जगनिवास १९६३ मध्ये झाले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर तर राजवाडे राखायचे कसे, या प्रश्नाला अनेक घराण्यांना हॉटेलातच उत्तर सापडले. तिथे इमारत खरी असते. तिच्यातल्या सजावटीविषयी वाद होऊ शकतो, पण भिंतींविषयी नाही. परंतु ही वर्गवारी ऐच्छिक आहे, आणि नव्या बांधकामाला जुन्या वळणाचा साज चढवून तोच शब्द पाटीवर लिहिला, तर पाहुण्याला फरक कळण्याचा मार्ग राहत नाही. मराठीत आपल्याला हे दोन शब्दांत नीट वेगळे करता येईल. जी मूळ जुनी आहे ती वारसावास्तू आणि जी जुन्या पद्धतीने नवी बांधली ती वारसाशैलीची. वारसाशैलीत बांधणे यात कमीपणा काहीच नाही. चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याला, सुताराला, आत्तंगुडीच्या कारागिराला त्यातूनच काम मिळते. मात्र ते स्पष्ट सांगावे. आपल्या पुरवणीनेही लेख छापताना हे दोन शब्द पाळले, तर वाचकांवर मोठे उपकार होतील.

आता तंजावरविषयी, जे मराठी वाचकाला अधिक लागेल. आमच्या खोलीला त्या हॉटेलने मराठा राजांचे नाव दिलेले होते. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक मोठे चित्र होते, आणि ते राजस्थानी धाटणीचे होते. पगडी, अंगरखा, पार्श्वभूमीवरचे वाळवंट, सगळे तिकडचे. तेथून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, राजवाड्यात, तंजावरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांचा हात जोडून उभा असलेला संगमरवरी पुतळा आहे आणि त्यांचे ते टोकदार शिरोभूषण तंजावरखेरीज कुठे पाहायला मिळत नाही. जेवणाच्या यादीत ‘मराठा शाही थाळी’ होती. तिच्यात पनीर, नान आणि काजूची करी होती. ज्यांनी ही थाळी रचली त्यांच्या मनात वाईट काही नसेल, परंतु चौकशी करावी असेही त्यांना वाटले नाही, याचे मला दुःख झाले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या वाटाड्याने आम्हांला बृहदीश्वराच्या मंदिरात नेले. राजराजा चोळाने १०१० साली पूर्ण केलेले, सुमारे दोनशे सोळा फूट उंचीच्या विमानाचे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराचे, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे मंदिर दीड तासात पाहून संपले. विमानाची सावली, नंदी, चोळ राजांचे शिलालेख, सारे त्याने तन्मयतेने सांगितले. आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे मात्र तो वळलाच नाही. मी विचारले, तेव्हा ‘ते नंतरच्या राजांचे लिखाण आहे’ असे म्हणून तो पुढे चालू लागला.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघेच परत गेलो. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये चिटणीस बाबूराय यांच्याकडून लिहवून घेतलेले भोसले वंशाचे चरित्र त्या भिंतींवर कोरलेले आहे. मराठी भाषा, देवनागरी अक्षर, आणि ओळीमागून ओळी, दगडामागून दगड. मराठीतला इतका लांबलचक शिलालेख आणखी कुठे मी पाहिलेला नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसत होती. भिंतीला हात न लावता, बोट हवेत फिरवीत मी एकेक शब्द लावीत गेले. फारसी शब्दांची त्यात बरीच सरमिसळ आहे, त्यामुळे अडखळायला होते, पण ‘भोसले’ हा शब्द लागला आणि माझा आवाज चढला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ देशाच्या काळजात, आपली लिपी दगडात अशी समोर आली की काय वाटते, ते मला इथे लिहिता येत नाही.

माझे वाचणे ऐकून प्रदक्षिणेला आलेल्या एक बाई थांबल्या आणि आमच्याशी मराठीत बोलू लागल्या. हेल पूर्ण तमिळ, शब्द मात्र कित्येक आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडचे. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या हीच भाषा चालत आली आहे. लिहिता मात्र येत नाही, असे त्या म्हणाल्या. बोलता बोलता स्वयंपाकाचा विषय निघाला आणि त्यांनी डांगराचे नाव काढले. उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी घातलेले, तेच डांगर, जे माझी आई उन्हाळ्यात भाकरीबरोबर करी. तंजावरच्या मराठी घरांत त्याची पचडी आजही होते. मग मला त्या थाळीची आठवण झाली. अस्सल पदार्थ हॉटेलच्या दारापासून हाकेच्या अंतरावर रोज शिजत असताना, पाहुण्याच्या पानात तो येत नाही. अशा दोन गृहिणींना महिन्यातून दोनदा स्वयंपाकघरात बोलावून आचाऱ्यांना चार पदार्थ शिकवायला सांगितले, तर त्याला खर्च तो कितीसा येणार?

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रसंतानावाचून वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले तोपर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, भोसल्यांनी तिथे राज्य केले. त्यांनी तमिळ, तेलुगू, संस्कृत विद्येला आश्रय दिला. मराठी कीर्तनाची पद्धत तिथल्या हरिकथेत मिसळली. भरतनाट्यमला आजचा मार्गम्, म्हणजे नृत्यप्रयोगाचा ठरलेला क्रम, देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे बंधू सरफोजीराजांच्याच दरबारात होते. राजांनी काशीयात्रेहून येताना ग्रंथ गोळा करून आणले, आणि त्यांचे सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या संग्रहालयात आमच्याखेरीज चार-पाच माणसे होती. मोडीतल्या कागदांचे शेकडो बस्ते तिथे आहेत आणि ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. हॉटेलच्या सहलीच्या कार्यक्रमात या ग्रंथालयाचा उल्लेखसुद्धा नव्हता. रेशमी साड्यांच्या आणि पितळी मूर्तींच्या दुकानांसाठी मात्र अख्खी दुपार राखून ठेवलेली होती.

जुन्या शहराच्या मध्यावर जे हॉटेल उभे राहते, ते त्या शहराच्या जिवावर चालते. पाहुणा साडेअकरा हजार मोजतो तो गादीसाठी मोजत नाही. तशी गादी महामार्गावरच्या हॉटेलात निम्म्या पैशात मिळते. तो त्या गल्लीसाठी, त्या मंदिराच्या शिखरासाठी, त्या राजवाड्याच्या शेजारासाठी पैसे मोजतो. मग त्या पाहुण्याला दाराबाहेर पाठवणे, ग्रंथालयाची वेळ सांगणे, शिलालेखाच्या भिंतीपर्यंत नेणे, हे त्या हॉटेलचे कर्तव्यच नाही का? निघताना मी हे सर्व अभिप्रायवहीत दीड पान भरून लिहिले. व्यवस्थापकांनी ते वाचले आणि सरफोजीराजांचे चित्र कुठे मिळेल असे विचारले, याचा मला आनंद वाटला. राजवाड्यातल्या ग्रंथालयात विचारावे, असे मी त्यांना सांगून आले.

आपल्याकडेही आता हे सुरू झाले आहे. कोकणात, देशावर, नाशकात, पुण्याच्या पेठांत, गोव्यात पणजीच्या फोंतेन्यास भागात जुन्या घरांची निवासगृहे होत आहेत, आणि वाईतही वाड्यांच्या चौकशीसाठी मंडळी येतात असे ऐकते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेच्या घाटासह उभा आहे, तो पाहिला की खरा वाडा म्हणजे काय हे कोणालाही समजावे. ज्यांच्याकडे असे काही शिल्लक आहे, त्यांनी ते हॉटेलसाठी द्यायला माझा विरोध नाही. उलट वाडा उतरवण्यापेक्षा तो शतपटीने बरा मार्ग आहे, आणि तो आम्हांला १९९६ मध्ये सुचला असता तर ओसरी आज जागेवर असती. मात्र देताना करारात एक कलम घालून घ्यावे की कोणता भाग कोणत्या काळातला आहे, कोणता नवा आहे आणि बाहेरून आणलेली वस्तू कोणत्या गावची आहे, हे तिथेच, मराठीत, वाचता येईल असे लिहिलेले असेल. आणि आपण पाहुणे म्हणून जातो, तेव्हा न संकोचता विचारावे. मी तीन दिवसांत हे सात-आठ जणांना विचारले आणि कोणीही माझ्यावर रागावले नाही.

जाता जाता एक वैयक्तिक विनंती, जी छापावी की नाही हे आपण ठरवावे. वाईच्या आमच्या वाड्याचे खांब अठरा होते. सागवानी, सुरूच्या घाटाचे, वर केळफुलाचे कोरीव काम, उंची सव्वानऊ फूट. त्यांतल्या एकावर, बसलेल्या माणसाचे डोके टेकेल इतक्या उंचीवर, काळा डाग आहे, आणि त्याच्या मागच्या अंगाला लोखंडी खुंटीचे भोक लाकडाचा तुकडा ठोकून बुजवलेले आहे. पुण्यामुंबईकडच्या कोणा हॉटेलच्या किंवा निवासगृहाच्या चालकाकडे हे खांब असतील, तर ते परत नकोत, त्यांची किंमतही नको. त्यांच्याशेजारी एक पट्टी लावून तिच्यावर ‘गणपती आळी, वाई’ एवढे मराठीत लिहावे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वाई